दाबलेला निरोप

कामथडीच्या मंगलनं पप्पूशेठच्या नेपाळ यात्रेत दुसऱ्यांदा नाव घातलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं हातातला घास ताटात ठेवला. "त्या माणसाच्या गाडीत? पुन्हा?"

"देव राहिला बघायचा," मंगल म्हणाली.

देवाबिवाचं काही राहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनं पशुपतिनाथ डोळे भरून पाहिला होता. राहिला होता तो पप्पूशेठ.

भोरला एसटी स्टँडजवळ पप्पूशेठचं यात्रा कंपनीचं ऑफिस. माणूस गोडबोल्या. बायकांच्या पिशव्या स्वतः गाडीत चढवायचा, म्हाताऱ्यांना हाताला धरून उतरवायचा. यात्रेच्या पैशांबरोबर माणशी आठशे रुपये वेगळे घ्यायचा, 'विदेशी फोन सेवा' म्हणून. नेपाळात आपली सिमकार्डं मुकी होतात, तिथला फोन फक्त माझ्याकडं असतो, असं तो सांगायचा, आणि ते लोकांना खरं वाटायचं. प्रत्येकाच्या घरी तो आपला नेपाळचा नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायचा. तो फोन दिवसभर बंद. संध्याकाळी सात ते आठ चालू. त्या तासात लॉजच्या जिन्यात बायाबापड्यांची रांग लागायची आणि ज्याच्या त्याच्या वाट्याला दोन-दोन मिनिटं यायची.

त्या पहिल्या यात्रेत मंगलनं दोनदा रांग धरली होती. तिचे वडील गेनबा वेल्ह्याकडच्या गावी तिच्या भावाजवळ, ज्ञानूजवळ असायचे. निघताना त्यांना थोडा ताप होता. दोन्ही वेळा पप्पूशेठनं फोन कानाला लावला आणि मान हलवली. "डोंगराचा मुलूख तुमचा, मंगलताई. रेंजच न्हाई तिकडं. काळजी करू नका." ती जाऊन झोपली.

आठव्या दिवशी गाडी सोनौलीची हद्द ओलांडून अलीकडं भारतात आली आणि सगळ्या गाडीत फोन एकदम वाजायला लागले. मंगलच्या मांडीवरचा फोन तर थांबेचना. त्रेचाळीस हुकलेले कॉल. खाली ज्ञानूचे निरोप, एकाखाली एक. आबांना दवाखान्यात नेलंय. आबा तुझा आवाज मागत्यात. ताई, एकदा बोल. आबा गेले. आणि सगळ्यात शेवटी, राख सावडायच्या दिवशी पाठवलेला : तुझी यात्रा चांगली होऊ दे.

तिनं तिथंच, रस्त्याच्या कडेला, ज्ञानूला फोन लावला. तो रडलासुद्धा नाही.

"पहिल्या संध्याकाळी दाजींकडनं नंबर घेऊन पप्पूशेठला सांगितलं, म्हणलं ताईला आबांशी दोन शब्द बोलू द्या. सांगतो म्हणला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा लावला. तवा म्हणला, सांगितलं तुमच्या बहिणीला, पण ती म्हणती यात्रा अर्धी टाकून आता कुठं बोलत बसू, मन अडकतं. आबा जागे व्हते ताई. त्यांनी इचारलं काय म्हणली मंगल. म्या काय सांगायचं त्यास्नी?"

मंगल दहाव्याला पोचली. वाढणाऱ्या बायकांनी तिच्या पानात वाढलं, पण कुणी शेजारी बसलं नाही. 'मला कुणी सांगितलंच नाही' हे वाक्य तिनं त्या दिवशी पन्नासदा उच्चारलं असेल. चुलत्यानं एवढंच म्हटलं, "आसंल बाई." ज्ञानूची राखी पुढच्या वर्षी तशीच पाकिटात परत आली.

भोरच्या ऑफिसात पप्पूशेठनं तिला चहा पाजला. "ताई, म्या तर सांगितलं व्हतं की तुमाला. तुमच्या ध्यानात न्हाई. रेंजचा घोळ लई, भावानं काहीतरी भलतं ऐकलं." चाळीस माणसांची गाडी मोडू नये, एका बाईला माघारी पाठवायला वेगळं वाहन करावं लागू नये, म्हणून त्यानं तिच्या बापाचा शेवटचा शब्द गिळला होता, आणि आता चहात साखर पुरे का विचारत होता. मंगलनं कप खाली ठेवला. त्या दिवसापासून तिनं त्याच्याविरुद्ध कुणाशी चकार शब्द काढला नाही.

नसरापूरच्या चौकात इमरानचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दोन वर्षं कतारला राहून आलेला पोरगा. मंगल त्याच्याकडं जाऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, "परदेशात फोन कसा चालतो ते मला पहिल्यापासून सांग. म्या बारावी नापास हाय, हळू सांग."

इमरान हसला, पण त्यानं सांगितलं. आपल्याच कंपनीचा परदेशी पॅक घेता येतो, सोपा असतो पण महाग पडतो. पॅक न घेता डेटा चालू ठेवला तर बिल बघून घाम फुटतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे त्या देशात उतरल्यावर तिथलंच सिम घ्यायचं.

"ओळखपत्र आन् फोटो न्यायचा, काकू. हद्द ओलांडली की दुकानंच दुकानं. दीड-दोनशेत सिम आन् आठवडाभराचा डेटा. तुमच्या फोनमधी दोन सिमची जागा हाय. आपलं सिम काढायचंबी न्हाई, नुसता त्याचा डेटा बंद ठेवायचा. व्हॉट्सॲपचा नंबर बदलू का इचारलं तर न्हाई म्हणायचं. घरच्यांना तुमी कामथडीत हाय का काठमांडूत, फरकच पडणार न्हाई."

"दीड-दोनशेत?"

"व्हय."

दीड-दोनशे रुपयांत आबांना तिचा आवाज ऐकता आला असता. मग तिनं वही काढली आणि म्हणाली, "आता पुन्हा सांग. लिहून घेते."

यात्रेला निघण्याआधी महिनाभर ती घरोघर हिंडली. भोर, कामथडी, वेल्हे, पानशेतच्या अंगाची गावं, जिथं जिथं यात्रेकरू होते तिथं. फोटो घ्या, मतदान कार्ड घ्या, एवढंच सांगायची. प्रत्येकाच्या घरच्या माणसांच्या फोनमध्ये तिनं आपला नंबर घालून दिला. "माझा व्हॉट्सॲप चालूच राहणार हाय. काय लागलं तर मला लावा." पप्पूशेठच्या घरीही ती गेली. त्याची आई बनाबाई अंगणात लसूण सोलत होती. तिनं मंगलला ओंजळभर शेंगा दिल्या. पप्पूशेठचा भाऊ कुमार यानं नंबर लिहून घेतला.

हद्दीपलीकडं भैरहव्याला गाडी चहाला थांबली, तेव्हा मंगल अडतीस माणसांना घेऊन सिमच्या दुकानात शिरली. दुकानदाराला खुर्च्या कमी पडल्या. तासाभरानं पप्पूशेठ शोधत आला, तर वेल्ह्याची एक म्हातारी रस्त्यात उभी राहून नातवाला फोनमधून नेपाळची म्हैस दाखवत होती. त्याचं तोंड उतरलं. कुणीतरी म्हणालं, "पप्पूशेठ, आमचे आठशे कशापायी घेतले हो?" त्यानं हसण्यावारी नेलं. मंगलनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. काठमांडूला शेवटच्या मुक्कामात सगळ्यांसमोर त्याला बापाच्या निरोपाबद्दल विचारायचं, असं तिनं मनात धरलं होतं. तो नाकबूल होईल हेही तिला ठाऊक होतं. तरी विचारायचंच होतं.

पण तिसऱ्या दिवशी पोखऱ्याला सकाळी पावणेनऊ वाजता तिचा फोन वाजला. नाष्टा चालला होता. समोरच्या टेबलावर पप्पूशेठ जिलेबी खात होता. फोन कुमारचा.

"मंगलताई, पप्पूचा फोन बंद लागतोय. आई पहाटं मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलंय. पुण्याला आणलीय, दुपारी ऑपरेशन हाय. डॉक्टर म्हणत्यात वय झालंय, धोका हाय. आई नुसतं पप्पू पप्पू करतीय. आत न्यायच्या आधी त्याला एकदा बोलायला सांगा."

मंगलनं पप्पूशेठकडं पाहिलं. तो बोटाला लागलेला पाक चाटत होता.

"सांगते," ती म्हणाली.

फोन पिशवीत टाकून ती उठली. त्याच्या टेबलाजवळ गेली. "पप्पूशेठ, एक इचारू? दोन वर्षांमागं माझ्या भावाला तुमी काय सांगितलं व्हतं, ते खरं सांगा. आज सांगून टाका."

तिच्या परीनं ती त्याला संधी देत होती. त्यानं खरं सांगितलं असतं तर तिनं त्याच क्षणी फोन त्याच्या हातात दिला असता. असं ती पुढं म्हणायची, आणि ते बहुधा खरं होतं.

पप्पूशेठनं हात पुसले. "ताई, किती दिवस उगाळणार? मेलेलं माणूस काय फोननं जितं व्हतं? जिलेबी घ्या."

मंगलनं जिलेबी घेतली आणि खाल्लीसुद्धा.

मग ते तलावावर गेले, नावेत बसले. पप्पूशेठ वल्ह्याजवळ उभा राहून सगळ्यांचे फोटो काढत होता. साडेबाराला पुन्हा कुमार. मंगल घोळक्यापासून लांब, कठड्याला टेकून उभी राहिली.

"ताई, आत न्यायला आलेत. पप्पू कुठाय?"

दोन वर्षं तिनं हे वाक्य मनात इतक्यांदा ऐकलं होतं की ते तोंडातून निघताना तिला ओळखीचं वाटलं. "सांगितलं त्यांना. पण ते म्हणतात, यात्रा अर्धी टाकून आता कुठं बोलत बसू, मन अडकतं."

पलीकडं दूरवरून बनाबाईचा आवाज आला, "काय म्हणला रं?" आणि फोन कट झाला.

मंगलनं ओठावरचा घाम पुसला. तिला वाईट वाटलं नाही. खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटलं. दुपारचं जेवण ती दोन वर्षांत जेवली नव्हती अशी जेवली. समोर पप्पूशेठ भाताबरोबर वरण ओरपत होता, विनोद सांगत होता, आणि त्याच्या प्रत्येक हसण्यावर ती मनात म्हणत होती, हस. म्याबी अशीच हसत व्हते, फोटो काढत व्हते.

पावणेपाचला लॉजच्या अंगणात सगळे चहाला जमले, तेव्हा ती उभी राहिली.

"पप्पूशेठ, तुझी आई सकाळी पडली. दुपारी तिचं ऑपरेशन झालं. मला पावणेनऊला कळलंय."

कप त्याच्या हातातून सुटला. "काय? कुणी... आन् तुमी आता सांगताय?"

"तू आठ दिवस ठेवलं. म्या आठ तास."

"अगं आई हाय माझी!"

"माझा बाप व्हता."

तो तिच्या अंगावर धावला, दोघातिघांनी धरला. मग तो खालीच बसला आणि मंगलकडं बघत पुटपुटला, "तिला काय सांगितलंस?"

"तू ज्ञानूला सांगितलंस तेच. शब्द न् शब्द."

अडतीस माणसांसमोर त्याचं तोंड उघडंच राहिलं. 'रेंजचा घोळ, भावानं भलतं ऐकलं' हे त्याला आता म्हणता येईना, कारण त्याच्या आईनंही तेच शब्द ऐकले होते. मंगलनं आपला फोन त्याच्यापुढं ठेवला. त्यानं कुमारला लावला. बनाबाई जगली होती. पण ती बोलायला तयार नव्हती. तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं.

पप्पूशेठ त्याच दिवशी निघाला. गाडी ड्रायव्हरनं आणि मंगलनं मिळून पुढं काठमांडूला नेऊन परत आणली.

महिन्याभरानं तो कामथडीला आला, दाढी वाढलेली, सोबत कुमार. "मंगलताई, आई माझ्या हातचं पाणी घेईना. म्या कितीबी सांगितलं, मला कुणी सांगितलंच न्हाई, तर म्हणती आसंल. तुमी एकदा येऊन सांगा, खोटं व्हतं म्हणून."

"सांगते की," मंगल म्हणाली. "पण आधी तू ज्ञानूला सांग. गावासमोर."

त्या रविवारी वेल्ह्याकडच्या त्या गावात, देवळापुढं, पप्पूशेठनं हात जोडून सगळं सांगितलं. गेनबांचा निरोप आपण दिला नाही, मंगलच्या नावावर खोटं बोललो, चाळीस माणसांच्या धंद्यापायी. चुलते मान खाली घालून ऐकत होते. ज्ञानू उठून बहिणीजवळ आला आणि तिची पिशवी उचलून घराकडं चालू लागला. पप्पूशेठला कुणी चहासुद्धा विचारला नाही. मंगलनं ते सगळं शेवटच्या शब्दापर्यंत उभं राहून ऐकलं. मध्येच त्याचा आवाज बारीक झाला तेव्हा ती म्हणाली, "मोठ्यानं. मागं ऐकू येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती भोरला गेली. बनाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. मंगलनं काही न लपवता सगळं सांगितलं, बापापासून पोखऱ्यापर्यंत. "तुमच्या पोराला ठाऊकच नव्हतं, मावशी. म्या दाबला निरोप. म्या खोटं बोलले."

म्हातारीनं डोळे मिटले. मग म्हणाली, "त्यानं केलं ते वंगाळच केलं. त्याला जोड्यानं हाणायचा व्हतास. पण मंगल, आत नेताना मला वाटलं आता मरते, आन् पोराला माझी गरज न्हाई. म्या गं तुझं काय केलं व्हतं?"

मंगलनं पुढं होऊन म्हातारीच्या पायावर पांघरूण ओढलं. बनाबाईनं पाय मागं घेतला, दुखत असूनही. दारात पप्पूशेठ उभा होता. त्याच्याकडं बघताना मंगलला पुन्हा तोच जिलेबीचा पाक चाटणारा माणूस दिसला, आणि तिला कळलं की ती वेळ पुन्हा आली तरी ती तेच करेल. फक्त म्हातारीचा तो प्रश्न तिच्या कानात राहील, पुष्कळ दिवस. ती त्याच्या शेजारून बाहेर पडली. त्यानं वाट सोडली.

स्टँडवर कामथडीकडं जाणारी एसटी लागली होती. फोन वाजला. ज्ञानूचा होता. ती खिडकीजवळ बसली आणि फोन कानाला लावला.