भुजंगच्या रक्तातले भाडेकरू

भुजंगच्या रक्तातले विषाणू कमी झाले, ही बातमी त्याचा धाकटा भाऊ कल्याण यानं रिपोर्ट येताच केदारखेड्यात गावभर केली. कल्याणचं भोकरदनला ताकदीच्या पावडरींचं दुकान. कोरोनाच्या काळात तो अर्धा डॉक्टर झाला होता. उरलेला अर्धा व्हायची त्याला गरज वाटली नाही.

"पावडरीचा गुण हाय, वहिनी," तो भुजंगच्या बायकोला, सोनूबाईला म्हणाला. "बराबर साफ झालं रक्त."

सोनूबाईला ते पटलं नाही. पण या घरानं भुजंगसाठी तिची किडनी घेतली होती, मत कधी घेतलं नव्हतं.

संभाजीनगरच्या दवाखान्यात कल्याणनं डॉक्टरीणबाईंपुढं पेढे ठेवले. त्यांनी पुडा बाजूला सारला.

"हे विषाणू निरुपद्रवी असतात. तुमच्या-माझ्या, जवळपास सगळ्यांच्याच रक्तात राहतात. प्रतिकारशक्ती दबली की वाढतात, चढली की घटतात. भुजंगरावांची शक्ती आपण गोळ्यांनी मुद्दाम दाबून ठेवलीय, नाहीतर शरीर परकी किडनी नाकारेल. हे विषाणू इतके घटले म्हणजे शक्ती चढलीय. गोळ्या घेता ना?"

भुजंग पंख्याकडं बघत बसला. कल्याणनं न वाजलेला फोन कानाला लावला.

"कल्याण म्हणला, पावडरीसंगं गोळ्या गरम पडतेत," भुजंग पुटपुटला. "मंग एक दिवसाआड घेऊन राह्यलो."

इतकी वर्षं संसार करूनही आपण परक्याच, हे सोनूबाईला आजच कळलं. तिचा हात कुशीवरल्या व्रणाकडं गेला.

"किडनी माही व्हती," ती हळूच म्हणाली. "मला तरी इचारायचं."



तपासण्या झाल्या. किडनीला जरा धक्का बसला होता, पण ती तगली. तेव्हापासून गोळी सोनूबाई स्वतः देते आणि नवऱ्याला जीभ उचलायला लावून तोंडात बघते. पावडर उकिरड्यावर गेली.

पुढच्या रिपोर्टात विषाणू वाढले. डॉक्टरीणबाई हसल्या, सोनूबाईनं निवांत श्वास सोडला. कल्याण मात्र पडलेल्या चेहऱ्यानं सांत्वनाला आला.

"धीर सोडू नका, वहिनी. वाढले म्हणं."

तिनं त्याला चहा दिला.

"तुमच्या बी रक्तात हायेत, भावजी. मॅडमनी सांगितलं न्हाई का."

कल्याणनं कप खाली ठेवला. त्या आठवड्यापासून तो स्वतः पावडर दुप्पट घेऊन राह्यलाय, असं भोकरदनला बोलतात.