मारिट गाडी बघायला आली

आमच्या घरात स्नोमोबिलचं, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या गाडीचं, नाव काढायचं नाही, असा नियम कुणी केला नव्हता, पण तो सगळे पाळत होते. माझ्या बायकोचा, मारिटचा, एकुलता एक भाऊ टोरे डोंगरावर बर्फाचा कडा कोसळून गेला. मी या खोऱ्यात यायच्या आधीची ही गोष्ट. मारिट त्या दिवशी त्याच्याबरोबर होती. लग्नाआधी मला एवढंच सांगण्यात आलं. पुढचं मी कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

मी सस्कॅचेवानचा, गव्हाच्या सपाट मुलखातला. लाकडाच्या गिरणीत काम मिळालं म्हणून कोलंबिया नदीच्या या वरच्या अंगाला, हार्लन फेरी या गावात आलो आणि इथलाच होऊन गेलो. तरी सासरे, आर्ने, अजून मला ‘गव्हातला’ म्हणतात. इथे नोव्हेंबरात बर्फाने दार अडवलं की एप्रिलपर्यंत सुटका नसते. शनिवारी सकाळी अर्धं गाव गाड्या ट्रेलरवर चढवून डोंगराकडे निघतं, तेही आमच्याच दारावरून. आमची बारा वर्षांची लिनेआ खिडकीशी उभी राहून एकेक ट्रेलर जाताना बघत असे.

त्या हिवाळ्यात एकदा ती खिडकीतून वळली आणि म्हणाली, “आई, मला वर जायचंय.”

मारिट पावाला लोणी लावत होती. तिचा हात थांबला नाही. “कुणाबरोबर?”

“कॅसिडीच्या बाबांनी बोलावलंय. त्यांच्याकडे जादा हेल्मेट आहे.”

“त्यांच्याबरोबर नाही. तो माणूस उताराकडे बघत नाही, आपल्याकडे कोण बघतंय ते बघतो.”

“मग कुणाबरोबर? तुम्ही दोघं तर जातच नाही! झाडं संपतात तिथवर अजून न गेलेली वर्गात मी एकटीच आहे. डोंगर काय कॅलेंडरवर बघायचा?”

मारिट उठली, कोट चढवला आणि अंगणातला बर्फ उपसायला गेली. अंगण मी नुकतंच साफ केलं होतं. मी लिनेआला डोळ्यांनी दटावलं, पण पोरीचं काही चुकलं होतं असं मलाही वाटेना.

संध्याकाळी भांडी पुसताना मारिट म्हणाली, “ती जाणारच आहे. आज नाही तर चार वर्षांनी, मला न सांगता, कुठल्यातरी गाढवाच्या मागे बसून. त्यापेक्षा आपली गाडी असू दे. जुनी चालेल.”

मी हातातली बशी खाली ठेवली. “तू येशील?”

“गाडी बघायला येईन. नको म्हणायला कुणीतरी लागेल ना? तू तर रंग बघून हो म्हणशील.”

पण गाडीच्या आधी घरात दुसऱ्याच वस्तू आल्या. छातीवर बांधायची शोधयंत्रं, घडीची फावडी आणि बर्फात खुपसायच्या लांब सळया, प्रत्येकाला एकेक. शोधयंत्राचं काम सोपं: बर्फाखालच्या यंत्राच्या जवळ जाल तसा आवाज चढत जातो. आम्ही तिघंही गावातल्या शिकवणीला जाऊन बसलो. एवढ्याने भागलं असतं असं मला वाटलं होतं. मारिटला वाटलं नाही. रोज शाळा सुटल्यावर आर्ने आपल्या घरामागच्या पटांगणात एक यंत्र जुन्या कोटात गुंडाळून पुरायचे, बर्फ सारखा करायचे, आणि लिनेआने ते शोधून उकरून काढायचं. पहिल्या दिवशी ती भलत्याच ठिकाणी खणत बसली. शेवटी फावडं टाकून रडायला लागली.

“पुन्हा,” मारिट म्हणाली.

“अगं, पोरीला चार घास तर खाऊ दे,” आर्ने म्हणाले.

“जेवण थांबतं, पप्पा.”

 आर्नेंनी कोट उचलला आणि दुसरीकडे पुरायला नेला. हळूहळू लिनेआचा हात बसला. मग ती कोट कुठे आहे ते यंत्र ऐकत, न धावता, रेष धरल्यासारखी चालत जाऊन दाखवू लागली. एकदा तर तिने मलाच टोमणा मारला, “बाबा, तुम्ही असे शोधत राहिलात तर मी खाली म्हातारी होईन.” मारिट हसली नाही, पण त्या दिवशी तिने सराव लवकर थांबवला.

पहिली गाडी बघायला आम्ही शेजारच्या गावी गेलो. विकणारा पोरगेला तरुण होता, बोलायला गोड. गाडी पुसून चकचकीत करून ठेवलेली, चाकांऐवजी फिरणाऱ्या लांब रबरी पट्ट्याची, ताकदीची. माझी तर नजर हलेना. त्याने दोरी ओढली आणि पहिल्याच झटक्याला इंजिन धडधडलं.

“बघितलंत? कालपासून उभी आहे, तरी एका झटक्यात!”

मारिटने लगेच इंजिन बंद करायला लावलं, हातमोजा काढला आणि आतल्या धुराच्या नळीजवळ हात नेला. मग खाली वाकून गाडीच्या पोटाकडचा बर्फ बघितला. तो वितळून पुन्हा गोठला होता.

“कालपासून उभी आहे?”

“हो ना.”

“मग तिला ताप आलाय का? आणि घामही फुटलाय.”

पोरगा लाल झाला. मारिट आता पुढच्या बाजूला गुडघ्यांवर बसली होती. “हा उजवा दांडा नवा आहे, डावा जुना. इथला पत्रा ठोकून सरळ केलाय. कशाला धडकली?”

“झाडाला जरा घासली होती, बस.”

“झाड अजून उभं आहे का?”

आम्ही निघालो. ती गाडी घ्यायचा प्रश्नच नव्हता. मोटारीत मागच्या सीटवर लिनेआ हेडफोन लावून झोपली होती. मी म्हटलं, “मारिट, तुला हे सगळं येतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.”

“टोरे गाड्या मोडायचा, जोडायची मी.” ती रस्त्याकडे बघत होती. “पप्पांच्या शेडमध्ये आमचा तोच खेळ. तो मला म्हणायचा, तू नसतीस तर मला पायी हिंडावं लागलं असतं.”

मी वेग कमी केला. मागून ट्रक आला आणि हॉर्न देत पुढे गेला.

“त्या दिवशी आमच्या दोघांत एकच फावडं होतं,” ती म्हणाली. “ते त्याच्या पाठीवर होतं. तो चढावर गेला, मी खाली थांबले होते. कडा सुटला तो मी बघितला. कुठे थांबला तेही बघितलं. सळई खुपसून तो कुठे आहे ते सापडलंसुद्धा. आणि मग मी हातांनी उकरत बसले. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा होतो, ठाऊक आहे तुला?”

मी एक हात तिच्या हातावर ठेवला. तिने तो थोडा वेळ तसाच राहू दिला, मग म्हणाली, “दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. रस्ता निसरडा आहे.”

पुढच्या आठवड्यात गाडी विकायला काढलेल्या डोरीनबाईंचा पत्ता मिळाला. त्या नदीपलीकडे एकट्या राहत. गावातल्या दोन पिढ्या त्यांनी चालवलेल्या बसमधून शाळेत गेल्या होत्या. आता दोन्ही गुडघे बदलले होते आणि डॉक्टरांनी उड्या मारायला बंदी केली होती.

“मी कधी उड्या मारल्या?” शेडचं दार सरकवत त्या म्हणाल्या. “गाडी मारायची, मी फक्त वर बसलेली असायचे. घ्या, बघा. मुद्दाम सुरू केलेली नाही. थंडगार गाडी कशी उठते तेच तर बघायला माणूस येतो.”

गाडी डोंगरावरचीच होती, पण जुनी. रंग उडालेला, सीटला चिकटपट्टीचं ठिगळ. मी मनातून खट्टू झालो. मारिट मात्र तिच्याभोवती हळूहळू फिरली. पट्ट्यावरचे रबराचे दात बोटांनी चाचपले, पुढच्या, बर्फावर घसरायच्या स्की हलवून बघितल्या, झाकण उघडून आत डोकं घातलं. मग दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. गाडी खोकली. आणखी एकदा ओढल्यावर निळा धूर सोडत ती जागी झाली आणि एकसारखी गुरगुरायला लागली.

डोरीनबाई इतका वेळ मारिटकडे बघत होत्या. “तू आर्नेची मुलगी.”

“हो.”

“माझ्या बसमध्ये शेवटच्या बाकावर बसायचात, तू आणि तुझा भाऊ. उतरताना एकमेकांना ढकलायचात.” त्या थांबल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “मागचं माळरान माझंच आहे. कुठे चढ नाही, कडा नाही. एक चक्कर मारून बघ. तुझ्या नवऱ्याला नको देऊस, तो कुंपण पाडेल.”

मारिट गाडीशी उभी राहिली. एक हात हँडलवर, दुसऱ्यात हेल्मेट. मी म्हणणार होतो, राहू दे, मी चालवतो. पण लिनेआने माझी बाही धरली. मारिटने हेल्मेट घातलं, पडल्यास इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला अडकवली आणि शेडमधून सरळ बाहेर पडली.

आधी ती कुंपणाच्या कडेकडेने सावकाश गेली, दूध सांडेल या भीतीने कुणी किटली न्यावी तशी. माळाच्या टोकाला वळली, थोडी थांबली. आणि मग आवाज बदलला. ती उभी राहिली, एक पाय बाहेर टाकला, गाडी एका कुशीवर झुकवली, एक स्की हवेत उचलली गेली, आणि मऊ बर्फात तिने एक लांब गोल वळण कापलं. मग उलट्या कुशीवर दुसरं. बर्फाचा पांढरा पिसारा तिच्या खांद्यावरून मागे उडत होता. गाडी ती चालवत नव्हती, अंगाने वळवत होती.

“बाबा,” लिनेआ म्हणाली, “ती आई आहे?”

“दुसरं कोण असणार?” डोरीनबाई म्हणाल्या. “मला वाटलं विसरली असेल. काही विसरलेली नाही.”

मारिट परत आली तेव्हा पापण्यांवर बर्फ होता आणि गाल पेटले होते. आमच्यापैकी कुणाकडेही न बघता ती म्हणाली, “डावीकडे जरा ओढते. पट्ट्याचे काही दात तुटलेत. बाकी इंजिन उत्तम.”

मी हळूच म्हटलं, “आणखी थोडी ताकदवान मिळाली तर?”

“तुला मिरवायला गाडी हवीय की लिनेआला शिकवायला? तसली ताकदीची तिला पेलणार नाही. ही पेलेल.”

किंमत दारातच ठरली. तुटलेल्या दातांसाठी डोरीनबाईंनी थोडे डॉलर कमी केले आणि वर बजावलं, “शेडमध्ये ठेवून तिच्यावर घोंगड्या वाळत घालणार असाल तर आत्ताच सांगा.”

फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ शनिवारी आम्ही निघालो. हिमकडे कोसळण्याबद्दलचा त्या दिवशीचा इशारा मारिटने वाचला आणि मग लिनेआकडून मोठ्याने वाचून घेतला. ट्रेलरवर दोन गाड्या होत्या. आमची, आणि आर्नेची लाकडं ओढायची रुंद, जुनी. ती मला चालवायची होती. मोटारीचं इंजिन गरम करत होतो तोच आर्ने लोकरीची टोपी घालून आले आणि डबा पुढे करत म्हणाले, “हरणाचं सॉसेज आहे. एवढं जड तुम्ही कुठे नेणार? मीच घेऊन येतो.”

मुलगा गेल्यापासून ते वर गेले नव्हते. मारिटने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि आपल्या बॅगेतून चौथं शोधयंत्र काढून त्यांच्या छातीवर बांधलं. तिने ते कधी घेतलं होतं कुणास ठाऊक.

डोंगराच्या पायथ्याशी गाड्या उतरवल्यावर रस्ता देवदारांतून वर चढत गेला. मारिट पुढे, तिच्या पुढ्यात लिनेआ. मी मागे, माझ्या कमरेला धरून सासरे, कानात ओरडत, “वळण आलं, गव्हातल्या, वळण!” झाडं संपली तिथे एक मोठं पठार उघडलं. त्याच्या पलीकडे एक मोकळा, सुंदर उतार उन्हात लखलखत होता. त्यावर एकही माग नव्हता.

“तिकडे जाऊ या!” लिनेआ उतरल्या उतरल्या म्हणाली.

मारिटने तिला झाडांच्या कडेला नेलं आणि खणायला लावलं. लिनेआने खड्ड्याची एक बाजू भिंतीसारखी सरळ कापली, त्यातून बर्फाचा एक खांब मोकळा केला आणि त्यावर हळूहळू थापा मारल्या. वरचा थर जड पाटीसारखा निसटून पुढे आला.

लिनेआ बघत राहिली. “असाच सुटतो?”

“असाच. म्हणून आज तिकडे नाही.”

“मग कधी?”

“थर जुळले की. आपण खणून विचारत राहायचं. कधीतरी तो उतार हो म्हणेल.”

मला वाटलं होतं की या क्षणी मारिट गाड्या वळवेल. पण तिने हेल्मेट लिनेआच्या हातात दिलं. “पठार आपलंच आहे. बस. मी मागे उभी राहते.”

पहिल्या फेरीत गाडी दोनदा रुतली. दोघींनी ती खणून काढली, मारिट बर्फात पडली, लिनेआ तिच्या अंगावर पडली, आणि दोघी उठायच्या ऐवजी तिथेच हसत राहिल्या. थोड्या फेऱ्या झाल्यावर मारिट गाडीवरून उतरली आणि लिनेआ एकटीच निघाली.

“वेगाच्या खटक्यावर अंगठा हलका ठेव!” मारिट ओरडली. “लांब बघ, स्कीकडे नको!”

आर्ने सॉसेज कापत होते. “टोरेला ही जागा कधी आवडली नाही,” ते म्हणाले. “म्हणायचा, सपाट आहे, म्हाताऱ्यांची.”

 मारिटने त्यांच्या हातातला तुकडा घेतला. “आणि इथेच त्याने ओढ्यात गाडी घातली होती, पप्पा. तुम्हाला सांगितलं नव्हतं आम्ही. आठवडाभर तुमच्या शेडमध्ये वाळवत होतो.”

“म्हणजे ते तेल गळत नव्हतं? पाणी होतं?” आर्ने बघतच राहिले, आणि मग त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. मारिटही हसत होती. डोळे पुसत होती, पण हसतच होती.

लिनेआ येऊन थांबली. “काय झालं? मलाही सांगा!”

“सांगते,” मारिट म्हणाली. “आधी उतर. आता आजोबांची पाळी.”

“माझी? छे, छे,” म्हणत आर्ने केव्हाच सीटवर जाऊन बसले होते. ताठ पाठीने, चर्चच्या बाकावर बसावं तसे, आणि पायी चालण्याच्या वेगाने ते पठारावरून निघाले. आम्ही तिघं रांगेत उभे राहून बघत होतो.

“आई, असे गेले तर जून उजाडेल,” लिनेआ म्हणाली.

“उजाडू दे,” मारिट म्हणाली. तिने थर्मासमधलं गरम सूप सगळ्यांना वाटलं आणि टोरेच्या ओढ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.