सुमनबाईंचे हात

वामनबुवांनी लाल पेन्सिलीनं तापी नदी खोडली.

आख्खं पान गेलं. गढूळ पाणी गेलं, होडी गेली, पलीकडच्या गावात कीर्तन आहे म्हणून लहानग्या वामनला खांद्यावर घेऊन होडीत चढणारे वडील गेले. गुडघ्यांत कंदील धरून वल्हं मारणारा नावाडीसुद्धा गेला. रेघ ओढताना बुवांचा हात जड झाला खरा, पण समोर पुरावाच तसा होता. जाजमावर बसून सुमनबाई देवासाठी वाती वळत होत्या आणि पान वाचून होईपर्यंत त्यांचे हात एकदासुद्धा थांबले नव्हते. दुधाचं बोट, कापसाचा पुंजका, तळहातावर तळहात, की झाली वात. ताटलीतला ढीग वाढत चालला होता.

"नाही ना आवडलं?" बुवांनी विचारलं.

"मी कधी म्हटलं असं? छान होतं. वाचा पुढचं."

बुवा मनातल्या मनात हसले. ही तोंडानं नेहमी छानच म्हणायची. खरं काय ते हात सांगत.

ही खूण त्यांना सापडली, त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली होती. लग्नानंतरचं पहिलं कीर्तन इतवाऱ्यातल्या राममंदिरात होतं. उत्तररंग भरात आलेला, आणि बुवांची नजर सहज बायकांच्या बाजूला गेली. खांबाला टेकून नवी नवरी वाती वळत होती. सासूबाईंचा लाख वातींचा नेम. सुनेच्या हातांना कीर्तनातही सुट्टी नाही. तर बुवांच्या डोळ्यांदेखत ते हात थांबले. अर्धी वळलेली वात बोटांत तशीच राहिली. कथेनं धरलं, बुवांच्या मनात आलं.

त्या दिवसापासून नारदाच्या गादीवर उभं राहिलं आणि नमन झालं, की बुवा आधी ते हात शोधत. हात चालू दिसले की आख्यान आवरतं घेत, दृष्टान्त बदलत, नवं पद उचलत. हात थांबले की तोच प्रसंग रंगवत, लांबवत, फिरून घेत. दिवसा नगरपालिकेच्या शाळेत भूगोल शिकवणारा हा मास्तर तापीकाठच्या गावागावांत बुवा म्हणून ओळखला जाऊ लागला, त्यात त्या हातांचा वाटा केवढा, हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. सुमनबाईंना तर नाहीच.

गेल्या दिवाळीत डॉक्टरांनी उभं राहून गायला मनाई केली. दम पुरत नव्हता. राममंदिरातलं रामनवमीचं कीर्तन म्हणजे वामनबुवांचं, हे ठरलेलं. पण या वर्षी गादीवर दुसरं कोणी उभं राहणार होतं. तेव्हा बुवांनी मनाशी धरलं, की आपल्या आठवणींचं छोटंसं पुस्तक करून त्या दिवशी रामासमोर ठेवायचं. गाता येत नाही, तर लिहू. त्यांच्या लेखी हे शेवटचं कीर्तन होतं, आणि ते रंगलं पाहिजे, एवढाच घोर त्यांच्या जिवाला लागला होता.

पहिला खर्डा इंदूरला मुलाकडे, मोहितकडे गेला. छपाईचं सगळं तोच बघणार होता. बुवांनी जन्म, शिक्षण, विवाह, नोकरी, सत्कार असं ओळीनं, फार जपून, फार शुद्ध लिहिलं होतं. मोहितचा फोन आला.

"बाबा, बुरा मत मानना, पण ये तो बायोडाटा हो गया."

बुवांनी मानायचं तेवढं बुरं मानलं. कागद कपाटात गेले. मग एका दुपारी सुमनबाई कापूस घेऊन बसलेल्या दिसल्या आणि बुवांना सुचलं, की अरे, पुस्तकाचंही कीर्तनच करावं की. लिहायचं, मोठ्यानं वाचायचं आणि हात बघायचे.

तेव्हापासून दुपारची झोप बंद झाली. सकाळी बुवा आठवेल ते लिहीत आणि दुपारी चहाच्या आधी वाचून दाखवत. हात चालू राहिले तर पानावर लाल काट. थांबले तर कडेला बरोबरची खूण. अशा रीतीनं दापोऱ्याचं ते कीर्तन गेलं, जिथं मांडव कमी पडला म्हणून गावकऱ्यांनी केळीची पानं बांधून छत वाढवलं होतं. शाळेतल्या पोरांना भारतातल्या नद्या पदाच्या चालीवर पाठ करून घेतल्या होत्या, ते गेलं. आज तापीही गेली. आणि राहिलं काय? गाडी उलटली तो अपघात, धाकट्या भावाशी झालेली बोलाचाली, मोहितचा टायफॉईड. बघावं तर सगळी पडझड. आपलं आयुष्य इतकं का वाईट गेलं, असं बुवांना वाटून गेलं. पण श्रोत्यापुढं बुवांचं चालत नसतं.

आता एकच प्रकरण वाचायचं राहिलं होतं. उद्या सगळे कागद मोहितला पाठवायचे होते. हे प्रकरण बुवांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते तुकईथडच्या कीर्तनाचं होतं.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला, चष्मा पुसला आणि सुरुवात केली. तुकईथडचा तो सप्ताह, गच्च भरलेला मांडव, दुरून बैलगाड्या जोडून आलेली माणसं. पेटीला दापोऱ्याचा देवराम होता, एवढं एक वाक्य साथीदारांबद्दल. मग पूर्वरंग, आणि मग ते, ज्यासाठी बुवांनी हे प्रकरण पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. उत्तररंगाला गळा असा मोकळा झाला, की तो माझा वाटेना. पांडुरंगच माझ्या कंठात येऊन गायला. माणसं पदरानं, उपरण्यानं डोळे पुसत होती.

पुढच्या ओळी त्यांनी आज पहाटेच घातल्या होत्या. त्या वाचताना त्यांनी मान वर केली नाही. बायकांमध्ये माझी पत्नी वाती वळत बसली होती. तिचे हात मी आयुष्यभर गादीवरून बघत आलो. ते थांबले की समजावं, कीर्तन पोचलं. त्या रात्री ते आरतीपर्यंत हलले नाहीत. असं कीर्तन माझ्याकडून पुन्हा झालं नाही.

बुवांनी हळूच वर पाहिलं. हात थांबले होते. त्यांनी समाधानानं पेन्सिल उचलली.

"माझे हात?" सुमनबाई म्हणाल्या.

"मग आणखी कोणाचे?"

"गादीवर उभं राहून तुम्ही माझ्या हातांकडे बघत होते?"

"दर खेपेला."

सुमनबाईंनी बोटं पदराला पुसली आणि हात उलटेसुलटे करून पाहिले, कोणा पाहुणीचे असल्यासारखे. या वयात असं काही ऐकायला मिळेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्या खाली बघत म्हणाल्या,

"अहो, पण ते तुकईथडचं तसं नाही."

"कसं नाही?"

"त्या रात्री मी कीर्तन ऐकलंच नाही. गाडीतून उतरताना तुमचा हात लागला होता, तव्यासारखा तापलेला. सांगितलं असतं तर तुम्ही ऐकणार होते का? पूर्वरंगात दोनदा तुमचा आवाज फाटला. त्यानंतर माझ्या हातात वात होती की काय होतं, मला नाही ठाऊक. मी नुसता तुमचा गळा ऐकत बसले."

बुवा म्हणाले, लोक रडत होते. सुमनबाई म्हणाल्या, रडले असतील, लोकांना कुठं माहीत होतं.

"आणि राममंदिरात? ते पहिल्यांदा?"

"तिथं तुम्ही एक आख्खा प्रसंग गाळून पुढं गेले. मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. जीवच गोळा झाला होता माझा."

बुवांनी पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे हात चालू असायचे तेव्हा..."

"तेव्हा मी आरामात. मन लागलं की हात आपले आपण चालतात, त्यात काय बघायचं? झांजेबरोबर वात व्हायची. पण एक सांगू का, चांगलं रंगात आलं की तुम्ही झटदिशी आवरतं घ्यायचे. एवढी कसली घाई यांना, ते मला कधी समजलं नाही."

बुवांना हसू फुटलं, ते पोटातून आलं आणि त्याचा खोकला झाला. सुमनबाईंनी उठून पाठ चोळली. खोकला शमला तरी बुवा मान हलवत होते. एकेक देऊळ, एकेक मांडव डोळ्यांपुढून जात होता आणि प्रत्येक ठिकाणी, जिकडं पाहावं तिकडं, ते हात चालू होते.

त्यांनी खोडलेल्या पानांचा गठ्ठा ओढला.

"मग हे सगळं?"

"ते छानच होतं. म्हणत तर होते मी. तुम्ही फराफरा खोडत होते, मला वाटलं, लिहिणाऱ्यांचं असंच असेल."

बुवांनी रबर शोधून काढलं. लाल रेघ पुरती जाईना. वडिलांच्या होडीवर गुलाबी डाग राहिला. राहू दे म्हणाले. मग मात्र तुकईथडचं पान हातात घेऊन ते गंभीर झाले.

"ताप होता, मान्य. पण गळा मोकळा झाला होता, सुमन. ते खोटं नाही. मला आजही आठवतं, पहिली ओळ उचलली आणि काही जडच वाटेना. पांडुरंगाची कृपा होती ती."

सुमनबाईंनी ताटली बाजूला सारली. सांगावं की नको, असं त्यांच्या चेहऱ्यावर झालं.

"कृपाच की. त्याशिवाय का त्यांना सुचलं."

"कोणाला?"

"देवरामभाऊंना. मध्यंतरात लोक तुम्हाला बुक्का लावत होते, हार घालत होते, तेव्हा त्यांनी पेटीचा सूर उतरवला. काळी दोन सोडून काळी एक धरली, तुमच्या गळ्याला ताण पडू नये म्हणून. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, बोलू नका म्हणून. तुम्ही उत्तररंग उचलला, तो त्याच सुरात."

बाहेर गल्लीत कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना. देवराम गेला त्याला दोन उन्हाळे झाले होते. त्या रात्रीनंतर कितीतरी वर्षं तो गाडीत शेजारी बसून यायचा, मांडीवर पेटी, तोंडात केळीचा भाव आणि विहिरीचं पाणी. तुकईथडचा विषय निघाला की म्हणायचा, बुवा, त्या दिवशी तुम्ही कमाल केली. आणि बुवा ते दर वेळी ऐकून घ्यायचे.

फोन वाजला. मोहितचा होता. सुमनबाईंनी तो उचलून सांगितलं, की बाबांचं अजून झालं नाही, उद्या कागद येणार नाहीत. पलीकडून मोहित, मम्मी, प्रिंटर को क्या बोलू, असं काहीतरी म्हणत होता. त्यांनी फोन ठेवला.

बुवांनी लाल पेन्सिल कपाटावर टाकून दिली आणि कोरा कागद घेतला. मग सगळ्यात वर त्यांनी देवरामचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, गावासकट. त्याखाली एक ओळ लिहिली, थांबले, ती पुन्हा वाचली.

"झांजेला कोण होतं गं त्या रात्री?" त्यांनी विचारलं.