मागच्या बाजूची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी दगडी भिंत आहे. आता अर्धीच उरले आहे, पण भिंतच. उतारावरच्या एका इमारतीमागे टेकडीची माती अडवून धरायला गवंड्यांनी मला बांधले. पाणी मुरले की माती जड होते आणि ढकलू लागते. म्हणून त्यांनी माझ्या अंगात आरपार नळ्या बसवल्या. मागचे पाणी त्यांतून वाहून जाई आणि मी ताठ उभी राही.

माझे कौतुक झाले ते बांधून झाले त्या दिवशी. पुढे घराच्या मागच्या बाजूला कोण कशाला येतो? फुटक्या कुंड्या आणि मोडक्या खुर्च्या तेवढ्या माझ्या वाट्याला आल्या. सोबत म्हणाल तर तळमजल्यावरची एक खिडकी. तिथे एक शिंपीण, तिचा नवरा आणि सासूबाई राहत. शिलाई मशीनची खडखड ऐकत माझा दिवस जाई. तिच्या खिडकीच्या गजापासून माझ्या कडीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी होती. तेवढाच काय तो आमचा घरोबा.

एकदा इमारतीला रंग द्यायचे ठरले. नळ्यांखालचे हिरवट ओघळ बघून सोसायटीच्या अध्यक्षांनी नाक मुरडले. "नव्या रंगावर पुन्हा डाग पडतील. सिमेंट भरून टाका." नळ्या बुजल्या, मी गोरीगोमटी झाले. "आता कशी छान दिसते!" सगळे म्हणाले. असले कौतुक मला नको होते. पण भिंतीला विचारतो कोण?

मग पावसाची झड लागली. माझ्या पाठीशी पाणी तुंबले. मी फुगले, पुढे झुकले. ओरडावे तर तोंड नाही.

आमच्या त्या दोरीवरच्या चादरी जमिनीला टेकू लागल्या. शिंपीण नवऱ्यावर करवादली, "अहो, साधी दोरी बांधता येत नाही तुम्हाला? कालच ताणलीत ना?"

"अगं, गाठ जागची हललेली नाही."

"मग काय भिंत चालत आली?" सासूबाईंनी चेष्टा केली.

शिंपिणीने वर पाहिले. माझ्या नव्या रंगात आडवी भेग पडली होती.

"आई, चपला घाला! अहो, मशीन राहू द्या, आधी वरच्यांना हाका मारा!"

सगळी इमारत रस्त्यावर आली. थोड्याच वेळात मी ढासळले. दगडमाती खिडकी फोडून त्या खोलीत शिरली.

ते पुन्हा तिथे राहायला आले नाहीत. खिडकीला आता फळ्या ठोकल्या आहेत. मित्रांनो, कधीतरी घराच्या मागेही चक्कर मारा. भिंतीच्या नळीतून पाणी ठिबकत असेल तर ठिबकू द्या. कचरा अडकला असेल तर काढा, पण डागापायी ती बुजवू नका.

मला फार एकटे वाटते, खोटे कशाला बोलू? त्या खोलीत माणसे असावीत, हीच माझी जन्मभराची हौस. पण कोसळताना मी आत पाहिले. तिथे कोणीही नव्हते, आणि माझा जीव भांड्यात पडला.