गुंडू हमालाची गाठ

“ओढ की! सकाळी भाकरी खाल्लीस का वारा खाल्लास?”

गुंडू हमाल पोट आत घेऊन, श्वास कोंडून उभा होता आणि बयाबाई उंबऱ्याला पाय लावून त्याच्या धोतराचं टोक ओढत होती. तिचं तोंड लालबुंद झालं, तेव्हा कुठं गुंडूचं समाधान झालं. मग तिनं स्वतःच्या लुगड्याची गाठ त्याच जोरानं आवळली, शेणाची पाटी डोक्यावर घेतली आणि बाहेर पडली. लग्न झाल्यापासून या घरात दिवस असाच उजाडायचा.

कोल्हापुरात महाराजांनी शाहूपुरीची गुळाची पेठ वसवली, तेव्हापासून गुंडू तिथं रवे, म्हणजे गुळाच्या मोठाल्या ढेपा, उचलत होता. माणसाचं बळ कमरेत असतं आणि कंबर सैल सोडली की ते गळून जातं, हे त्याचं ठाम मत. पेठेतल्या सगळ्या हमालांना त्यानं हेच शिकवलं होतं. पेठेच्या तोंडाशी बाबालाल शिंप्याचं दुकान होतं. त्याची ढगळ विजार बघून गुंडू रोज खिजवायचा, “बाबालाल, वारं सुटलंय, उडून जाशील गड्या!”

एके दिवशी गुंडू रवा पाठीवर घेऊन चालला असताना बाबालालनंच त्याला हटकलं.

“गुंडू, धोतराला लाल काय रे?”

“पानाची पिंक हाय.”

“तुझ्या कमरेवर कोन थुकलं बाबा?”

गुंडू ओशाळला. डाव्या कुशीला, बरोबर गाठीखाली, दोन पावसाळ्यांपासून एक जखम होती. भरत नव्हती आणि दुखतही नव्हती. हळद झाली, चुना-तंबाखू झाला, कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बाही झाला. त्या दिवशी मात्र गडी घरभर नाचला होता. शेवटी त्यानं ठरवून टाकलं, की ही कुणाची तरी करणी आहे. आणि करणी दिसू नये म्हणून गाठ आणखी घट्ट करायला लावली!

रक्त येतंय हे बाबालालनं बयाबाईला सांगितलं आणि बयाबाईनं नवऱ्याला दंडाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी जखम बोटानं दाबून पाहिली. काठ जाड झाले होते, मधे कोंबड्याच्या तुऱ्यासारखं मांस वर आलं होतं.

“इतके दिवस का आला नाहीत?”

“दुखत न्हवतं की सायेब.”

“दुखत नाही आणि भरतही नाही, तीच जखम वाईट. हा कातडीचा कर्करोग आहे.”

“करणी हाय, सायेब.”

डॉक्टरांनी त्याच्या धोतराची गाठ उचलून त्याच्या नाकापुढं धरली. “ही करणी! रोज त्याच जागी दाब, त्याच जागी घाम, त्याच जागी घासणं. कातडीनं सोसायचं तरी किती? जखम लहान असताना आला असतात तर चटकन निघालं असतं. आताही गुंगी देऊन कापून काढतो, पण मुळं आत गेली तर माझ्या हातात काही नाही. आणि यापुढं धोतर बंद. सैल विजार घालायची.”

गुंडूचं तोंड उतरलं. मरणाचं त्याला एवढं वाटलं नाही. पण विजार?

“सायेब, मग रवा कुठल्या जोरावर उचलू?”

“मेल्यावर कसला रवा उचलताय?” बयाबाई कडाडली. “तुमालाच चौघं उचलतील की!”

झालं. गुंडूची कंबर कापली गेली, तो वाचला, आणि बाबालालनं पैसे न घेता विजार शिवून दिली. खांद्यावरून दोन पट्टे सोडलेली, नाडीचा काच नसलेली. देताना मात्र सगळा जुना हिशेब चुकता केला. “जपून जा गड्या. वारं सुटलंय!”

जखम भरली, डॉक्टरांनी ओझं उचलायची परवानगी दिली आणि गुंडू पेठेत आला. सगळी पेठ त्या विजारीकडं बघत राहिली. मग गैबी हमालानं हात जोडले. “या पावणं! कुठल्या गावचं म्हनायचं?”

हसून हसून लोक गुळाच्या ढिगावर पडले. गुंडूनं कुणाकडं बघितलं नाही. वाकला आणि रवा उचलला. तो सहज वर आला, अगदी पूर्वीसारखाच.

आता खरं तर गुंडूनं खूश व्हायचं. पण त्याला भयंकर राग आला. एवढी वर्षं उगीचच आवळून घेतली होती! त्यानं रवा खाली आदळला, गैबीला धरलं आणि त्याच्या कमरेत बोट घालून बघितलं.

“बोट शिरत न्हाय. सोड!”

“आरं, भर पेठेत?”

“सोड म्हनतो न्हवं! न्हाईतर डागदर सोडंल, आन् तो चाकूनं सोडतोय.”

दुपारपर्यंत त्यानं सगळ्या हमालांच्या कमरेत बोट घातलं. एका अडत्याला तर हा गुदगुल्या करतोय असंच वाटलं. दोघांची धोतरं ओझ्यासकट निसटली आणि पेठेत शिव्यांचा पाऊस पडला. गुंडूला पर्वा नव्हती.

संध्याकाळी तो त्याच तोऱ्यात घरी आला. बयाबाई भाकरी थापत होती.

“तुझी बघू.”

“काय बघू?”

“गाठ. बोट जातंय का?”

“म्हातारपनी चळ लागला व्हय तुमाला!” ती लाजून हसली. तोही हसत तिच्या कमरेला बोट लावायला गेला. बोट शिरेना.

“तूबी हमालच की गं!” म्हणत त्यानं गाठ सोडली, आणि त्याचं हसू तिथंच राहिलं. कमरेभोवती काळाकुट्ट पट्टा होता. डाव्या कुशीला हळदीनं लिंपलेली लहानशी जखम होती.

“कवापासनं?”

“तुमाला दवाखान्यात न्हेलं त्येच्या आदीपासनं.”

“आन् बोलली न्हाईस?”

“तुमचं चाललं हुतं की. दोघांनी एकदम आजारी पडून कसं चालंल? आन् दुखत न्हाय वो.”

आपलंच वाक्य तिच्या तोंडून ऐकून गुंडू चुलीपुढं तिच्याजवळ बसला. रोज सकाळी तिनं त्याची गाठ बांधली होती. तिच्या गाठीकडं त्यानं एकदाही बघितलं नव्हतं. त्याला रडू आलं. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.

“ल्हान हाय,” तो शेवटी म्हणाला. “ल्हान असताना निघतंय, डागदर म्हनलाय. उद्याच जायाचं.”

सकाळी दोघं पेठेतूनच दवाखान्याला निघाली. सैल लुगडं नेसायची बयाबाईला सवय नव्हती. पावलापावलाला ते घसरायचं. म्हणून गुंडू तिच्या मागून, लुगडं दोन बोटांनी वर धरून चालला होता. बाबालालनं शिवलेली त्याची विजार वाऱ्यानं फडफडत होती. हमालांनी रवे खाली ठेवून दोघांना वाट दिली. ‘पावणं’ मात्र कुणी म्हणालं नाही.