बोलका रस्ता

"तळ्याकडचा रस्ता परत हिरवा करा, मिस्त्री," सायकल क्लबच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "लोक हसायला लागलेत आता."

मिस्त्रींनी मान वर केली नाही. स्टँडला टांगलेल्या सायकलचं मागचं चाक ते हळूहळू फिरवत होते आणि कुठला स्पोक ढिला आहे ते बोटांनी चाचपत होते.

"चढ आहे तिथे," ते म्हणाले.

"चढ कसला? उंचवटा आहे. गेल्या रविवारी एक बाई आल्या होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. चुकून त्या रस्त्याला लागल्या आणि तळ्यावर जाऊन डबा खाऊन आल्या. वर मलाच विचारतात, यात मध्यम ते काय?"

"डांबर उखडलंय."

"कालच जाऊन आले मी. कुठे उखडलंय?"

सेक्रेटरीबाई आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या. उत्तर मिळेपर्यंत तोच प्रश्न विचारायची त्यांना सवय होती, आणि त्यांचं चूक होतं असंही नाही. गावाबाहेरच्या सगळ्या रस्त्यांवर क्लबने वळणावळणाला खांब रोवले होते आणि त्यांच्यावर बाण होते. हिरवा बाण म्हणजे सोपा रस्ता, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे अवघड. नवीन माणूस त्या रंगांच्या भरवशावर बाहेर पडायचा. हे रंग ठरवायचं आणि मारायचं काम पहिल्यापासून मिस्त्रींचं होतं, आणि पहिल्यापासून ते कधी चुकले नव्हते. अलीकडे मात्र हिरव्या बाणांचे पिवळे झाले होते. नवशिक्यांना जायला रस्ताच उरला नव्हता.

"रविवारी नवीन लोकांची फेरी आहे," सेक्रेटरीबाई जरा आवाज उतरवून म्हणाल्या. "तुमच्या जिवावर येत असेल तर राहू द्या. दुसऱ्या कोणाला सांगते मी. रंग काय, कोणीही मारेल."

मिस्त्रींनी चाक थांबवलं.

"दुसरं कोणी नको. मी बघून सांगतो."

बघून सांगतो, असं म्हणाले खरे, पण मिस्त्रींना बघून काही कळत नसे. सगळं आयुष्य सायकलवर गेलेला माणूस. त्यांच्या पोटऱ्यांना टेकाड काय नि सपाट काय, सारखंच. सोपं आणि अवघड यातला फरक त्यांना सांगायची ती त्यांची बायको. म्हणजे सांगायची असंही नाही. ती नुसती बोलायची.

तिच्यासारखी बोलणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. क्लबमध्ये तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत, आणि ती आली की आपापली घड्याळं बघत. नवीन रस्ता ठरवायचा असला की मिस्त्री तिला तिच्या सायकलवर पुढे घालत आणि आपण मागून ऐकत येत. जिथे तिचं बोलणं अखंड चालायचं तो रस्ता सोपा. जिथे ती दोन शब्द बोलून थांबायची, परत दोन शब्द बोलायची, तो मध्यम. आणि जिथे ती चक्क गप्प व्हायची, तो अवघड. घरात त्यांनी या रस्त्यांना नावंच ठेवली होती: बोलका, तुटक आणि मुका. "आजचा कसा वाटला?" असं मिस्त्री विचारत, आणि "बोलका होता की," असं ती सांगे. ते तिने सांगायची गरज नसे, कारण मिस्त्रींचे कान अजून वाजत असत.

तळ्याकडचा रस्ता सगळ्यांत बोलका. दूधडेअरीपासून निघालं की निलगिरीची रांग, मग कालव्याच्या कडेकडेने सपाट वाट, मग मेंढ्यांचं कुरण, आणि शेवटी एक लहानसा चढ चढून तळ्याचा बांध. निलगिरी संपेपर्यंत तिचा शेजार आटपायचा. कालव्यावर नणंदा यायच्या. कुरणापाशी माहेर सुरू व्हायचं ते बांधावर पोचलं तरी संपायचं नाही. तळ्यात आभाळ उतरलेलं असायचं, पाणकोंबड्या पोहत असायच्या, आणि ती पाण्याकडे पाठ करून, वहिनीने तिच्या साडीवर चहा कसा सांडला ते सांगत असायची.

मग एका रविवारी त्या चढावर तिचं वाक्य अर्धवट राहिलं.

"मग काय झालं?" मिस्त्रींनी मागून विचारलं.

तिने नुसता हात वर केला. बांधावर पोचल्यावर, बऱ्याच वेळाने, तिने वाक्य पुरं केलं. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी वाक्य चढाच्या आधीच तुटलं.

मिस्त्री काही निष्काळजी माणूस नव्हते. त्यांनी लगेच तिची सायकल दुकानात घेतली आणि पार खोलली. चेन बदलली. चाकांच्या बेअरिंगला नवं ग्रीस भरलं. ब्रेक घासतोय का ते बघितलं. चढावर पाय हलका पडावा म्हणून मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती घातली. सायकल अशी झाली की बोट लावलं तरी पळेल. तरी ती त्या चढावर गप्पच.

म्हणजे सायकलमध्ये खोट नाही, असं त्यांनी ठरवलं. मग उरला रस्ता. ते एकटे जाऊन तो चढ पाच-सहा वेळा चढले-उतरले. दगडाचे ट्रक जाऊन डांबर बसलंय, असं त्यांना वाटलं. बारीक खडी वर आलीय. तळ्यावरून समोरचा वारा येतो. कारण शोधायचंच म्हटलं तर रस्त्यात काय कमी सापडतं? त्यांनी पिवळा रंग घेतला आणि चढाखालच्या खांबावरचा हिरवा बाण पिवळा करून टाकला. तेव्हा रंगाचा डबा धरून तीच उभी होती.

"बरं झालं," ती म्हणाली होती. "आता हळू गेलं तरी कोणी काही म्हणणार नाही."

पुढे कालव्याचा रस्ता पिवळा झाला, फळबागांचा झाला. सेक्रेटरीबाईंनी विचारलं की मिस्त्री ठासून सांगायचे, रस्ते बिघडलेत. मग तिने सायकलवर यायचंच सोडलं. घरात फार काम असतं म्हणाली. एक दिवस जिन्यात बसली ती उठेना, तेव्हा मिस्त्री तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, "चालताना, चढताना दम लागायचा का आधी?" मिस्त्रींनी तिला तोंड उघडू दिलं नाही. "छे हो, सायकल चालवते ती," ते मोठ्या अभिमानाने म्हणाले. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. हृदयाची झडप खराब झाली होती. फार आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

हे सगळं होऊन गेलं, आणि मिस्त्री दुकान उघडत होते, पंक्चर काढत होते, कोणी विचारलं तर बरा आहे म्हणत होते. फक्त त्या पिवळ्या बाणाला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. रस्ता खरोखरच अवघड झाला असेल, तर त्या वर्षी ती धडधाकट होती, आणि पुढे अचानक आजारी पडली. तिथे कोणाचा काय इलाज. पण रस्ता पहिल्यासारखाच सोपा असेल, तर ती त्यांच्यापुढे दर रविवारी धापा टाकत होती आणि ते चेनला तेल घालत होते. सेक्रेटरीबाईंना हा नुसता रंगाचा प्रश्न वाटत होता. मिस्त्रींना त्यावर आपला निकाल लागणार हे माहीत होतं, आणि तो दुसऱ्या कोणी लावलेला त्यांना चालणार नव्हता.

घरी त्या आठवड्यात धाकटी आली होती. धाकटी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. अंगाने थोरलीच्या दीडपट, आणि बोलण्यात तिच्याच वळणाची. भावोजी जेवतात की नुसती भांडी खरकटी करतात हे बघायला ती अधूनमधून यायची. दुसऱ्या मजल्यावर चढून आली की दारातच बसकण मारायची आणि जिना बांधणाऱ्याचा उद्धार करायची. शाळा सुटल्यापासून तिने सायकलला हात लावला नव्हता.

"धाकटे," शनिवारी सकाळी मिस्त्रींनी विचारलं, "तळ्यापर्यंत येतेस का? हिची सायकल आहे."

धाकटीने पोळपाटावरून मान वर केली. "मी? अहो, त्या सायकलीने तुमचं काय वाकडं केलंय?"

"ये की. बाहेर ऊन छान आहे."

त्यांच्या तोंडाकडे बघून तिने पुढे थट्टा केली नाही. हात धुतले आणि चपला घातल्या.

दूधडेअरीपर्यंत ती दोनदा पडता पडता वाचली आणि दोन्ही वेळा स्वतःवरच हसली. निलगिरीच्या रांगेत तिला तोल सापडला आणि तोल सापडताच तोंड सुरू झालं. मुलीची शिकवणी, घरमालकाचा कुत्रा, नवऱ्याचं घोरणं. मिस्त्री मागून ऐकत होते. कालव्याच्या पाण्यावर ऊन पडलं होतं, पलीकडच्या शेतात कोणी पाइप जोडत होतं. कुरण आलं तशी मिस्त्रींनी सायकल तिच्या आणखी जवळ आणली. गप्प हो, असं ते मनात म्हणत होते. एवढी जाडजूड तू, जिना चढवत नाही तुला, या चढावर गप्प हो. आयुष्यात त्यांनी देवाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागत होते ते हे, की या बाईला धाप लागू दे.

चढ सुरू झाला. धाकटीचा आवाज जरा जाड झाला.

"...तर आमचं शाळेत जायचं ठरलं की ताईच्या चपला हरवायच्या," ती सांगत होती. "दर सोमवारी. आई सगळं घर उलथंपालथं करायची. आणि या बाईने त्या टाकलेल्या असायच्या..."

ती श्वास घ्यायला थांबली. मिस्त्रींनी पॅडल मारायचं थांबवलं.

"दम खा जरा," ते आशेने म्हणाले. "उतर. चालत जाऊ."

"उतरते कशाला? ऐका तर! टाकलेल्या असायच्या पाण्याच्या टाकीत. पाण्याच्या! मग महिनाभर सगळ्या घराला चामड्याचा वास. आणि मार कोणाला? मला. कारण ही इतकं गोड तोंड करायची, भावोजी, आणि काही म्हणून सांगायची नाही. एरवी एवढी बडबडी, पण स्वतःचं काही असलं की तोंडाला कुलूप. दात दुखायचा, गाल सुजायचा, तरी सांगायची नाही. आईलाच बघून ओळखावं लागायचं..."

असं बोलत बोलत, घाम गाळत, ती बांधावर पोचली. एक पाय खाली टेकवला, तळ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "अगबाई, किती सुंदर आहे हो! आणि एवढंच होतं? मला वाटलं फार चढ असेल."

मिस्त्री तिच्या मागे उभे होते. त्यांना वाटलं होतं आपण रडू, पण रडू आलं नाही. तळं होतं तसंच होतं. त्यांनी वळून चढाकडे बघितलं. गुळगुळीत, काळा, लहानसा चढ. सेक्रेटरीबाई म्हणाल्या तसा उंचवटाच.

"चल," ते म्हणाले. "खाली थोडं काम आहे."

चढाखालच्या खांबापाशी त्यांनी पिशवीतून हिरव्या रंगाचा डबा काढला आणि पटाशीने झाकण उचकटलं. धाकटीने न सांगता डबा हातात धरला. मिस्त्रींनी बाणाच्या कडेने आधी बारीक रेघ ओढली आणि मग आतल्या पिवळ्यावर हिरवा भरत गेले.

"हिरवा म्हणजे सोपा ना?" धाकटीने विचारलं.

"हो."

"मग आधी पिवळा कोणी केला होता?"

"मीच." त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला. "ती या चढावर गप्प व्हायला लागली होती. तुझ्यासारखीच बोलायची सगळी वाट, आणि इथे आली की गप्प. मी सायकल खोलून बघितली. रस्ता बघितला. तिला नाही बघितलं."

धाकटीने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"तुम्हाला काय कळणार होतं हो," ती म्हणाली.

"मला कळायला हवं होतं. मी मागून ऐकतच होतो ना. कामच ते होतं माझं."

बाण पुरा झाला. मिस्त्रींनी ब्रश फडक्यात गुंडाळला, डबा बंद केला, आणि दोघं परत निघाली.

परतीची वाट सगळी सपाट. वारा पाठीमागून होता. धाकटी पुढे होती, मिस्त्री मागे. कुरण गेलं. कालवा लागला. शेतातला माणूस पाइप जोडून पाणी सोडून गेला होता. मिस्त्रींच्या एकदम लक्षात आलं की पुढून आवाज येत नाहीय.

त्यांनी जोरात पॅडल मारलं, तिच्या बाजूला आले आणि तिच्या हँडलला हात घातला.

"थांब. उतर खाली. दम लागलाय का तुला?"

"नाही हो."

"छातीत काही होतंय?"

"काही होत नाहीय, भावोजी. रडतेय नुसती." तिने पदराने तोंड पुसलं. "ताईची आठवण आली म्हणून गप्प झाले. सपाट तर आहे रस्ता, दम कशाने लागेल?"

"सपाटच आहे," मिस्त्री म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

त्यांनी तिला कालव्याच्या कठड्यावर बसवलं. दोन्ही सायकली झाडाला टेकवल्या. तिला पाण्याची बाटली दिली आणि तिच्यापुढे, जमिनीवर, उकिडवे बसले. तिचा श्वास वर-खाली होत होता तो ते निरखून बघत होते, एखादं चाक डगमगतंय का ते बघावं तसे.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," ते म्हणाले. "एकदा दाखवून घेऊ."

"उद्या रविवार आहे."

"मग सोमवारी."

आपल्याला काहीही झालेलं नाही, हे धाकटीला पक्कं माहीत होतं. तिने त्यांच्या रंगाने माखलेल्या बोटांकडे बघितलं.

"जाऊ," ती म्हणाली. "सोमवारी जाऊ."

मिस्त्रींनी मान हलवली. तरी ते उठले नाहीत. तिचे पुढचे काही श्वास त्यांनी तसेच बसून ऐकले.