एकोणीस नंबरचं कार्ड

नेरेइदाने मोबाइल दोन्ही हातांत धरून वर्गावरून डावीकडून उजवीकडे संथपणे फिरवायला सुरुवात केली.

“वह्या हलवू नका. एस्तार्लिन, वही आहे की पंखा?”

“उकडतंय बाई.”

“आधी उत्तर दे, मग वारा घे.”

वर्गात हशा पिकला. सत्तावीस मुलांनी वह्या छातीशी उभ्या धरल्या होत्या आणि प्रत्येक वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचं, ज्याच्या त्याच्या हजेरी नंबराचं एक कार्ड चिकटवलेलं होतं. कार्डाची कोणती बाजू वर आहे, त्यावरून मुलाचं उत्तर अ, ब, क की ड हे मोबाइलला कळे, आणि पडद्यावर ज्याच्या त्याच्या डोक्यावर नाव आणि अक्षर उमटे. शाळेत कॉम्प्युटरची खोलीही होती. पण तिला कुलूप होतं, आणि किल्ली कुणाकडे आहे याबद्दल मतभेद होते. तेव्हा एक मोबाइल आणि कागदाची कार्डं एवढ्या भांडवलावर नेरेइदा सातवीचं गणित चालवत होती. वर्षभर तोंडातून चकार शब्द न काढणाऱ्या मुलीही आता वही वर करून उत्तर द्यायच्या, आणि याचा तिला मनातून फार अभिमान होता.

मोबाइल खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर आला आणि पडद्यावर नाव उमटलं. यानेइरी. ब.

नेरेइदाने मान वर केली. बाक रिकामा होता. खिडकीच्या गजांची सावली तेवढी त्यावर आडवी पडली होती. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा दिसत होता, अठ्ठावीस उत्तरं.

“एकोणीस नंबरचं कार्ड कुणाकडे आहे?”

एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलणाऱ्या एस्तार्लिनने वही हळूच मांडीवर ठेवली.

“हे बघा, थट्टेलाही काही हद्द असते.”

“बाई, आमच्याकडे आमचीच आहेत,” पुढच्या बाकावरची रोस्मेरी म्हणाली. “देवाशपथ.”

नेरेइदाने बाकाबाकावर जाऊन कार्डांच्या कोपऱ्यातले आकडे तपासले. एकोणीस कुठेच नव्हता. मोबाइल कधीकधी चुकतो, सावलीलाही कार्ड समजतो, असं तिने ऐकलं होतं. म्हणून तिने फळ्यावर दुसरं गणित लिहिलं, वह्या वर करायला लावल्या आणि मोबाइल पुन्हा फिरवला. तिसऱ्या बाकावर पुन्हा तेच नाव आलं. या वेळी अक्षर होतं क.

तिने त्या दिवशी तिसरं गणित घातलं नाही.

यानेइरी वीस दिवसांपूर्वी तिच्या मावशीबरोबर समुद्रापलीकडच्या पोर्तो रिकोला चोरून जाणाऱ्या योलात बसली होती. लाकडी होडी, तीत चाळीस माणसं, आणि नशीब धड असेल तर दीड दिवसाचा प्रवास. तिकडून अजून एकाचाही फोन आला नव्हता. पकडले गेले असतील, फोन करू देत नसतील, असं सगळं मिचेस गाव मुलीच्या आईसमोर म्हणे. आई आसपास नसली की गाव दुसरंच काहीतरी म्हणे. ही आई, विंदा, जिला सगळे मानाने दोन्या विंदा म्हणत, शाळेतच स्वयंपाकाला होती. गेल्या वीस दिवसांत तिने एकदाही सुट्टी घेतली नव्हती, आणि तिचा भात एकदाही करपला नव्हता.

नेरेइदा मधल्या सुट्टीआधीच स्वयंपाकघरात गेली. विंदा ताटांत भात-राजमा वाढत होती.

“दोन्या विंदा, यानेइरीची गणिताची वही घरी आहे का हो?”

पळी ताटावर थांबली.

“नाही. घेऊन गेली. तिकडच्या शाळेत दाखवीन म्हणाली, मी कुठपर्यंत शिकलेय ते. मीच दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून दिली, भिजायला नको म्हणून. का हो?”

सहज विचारलं, एवढं म्हणून नेरेइदाला बाहेर पडता आलं असतं. पण खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे, आणि विंदा तिला लहानपणापासून ओळखत होती. तिने जे पाहिलं होतं ते सांगून टाकलं.

विंदा रडली नाही. तिने विचारलं, “काय उत्तर दिलं तिने?”

“पहिल्याला ब दिलं.”

“बरोबर होतं?”

“बरोबर होतं.”

“मग आहे ती,” विंदा म्हणाली आणि पुढचं ताट भरायला लागली.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला ती वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर ॲप्रन होता आणि हाताला लसणाचा वास होता.

“विचारा तिला.”

“दोन्या विंदा, मशीन आहे हो ते. चुकतं.”

“काल बरोबर उत्तर दिलं म्हणालात ना?”

“आणि ते चुकलं तर? मग काय करायचं आपण?”

“विचारा, बाई. वीस दिवस मी कुणाला काही विचारलं नाही. मीच पाठवली तिला. ती नको म्हणत होती.”

सत्तावीस मुलं खाली बघत होती. नेरेइदाला पळून जावंसं वाटलं. पळून जायला जागा नव्हती म्हणून ती फळ्याकडे वळली. तिने लिहिलं, तू कुठे आहेस? खाली लिहिलं, अ, पोचले. ब, पकडलं आहे. क, अजून होडीत आहे. मग ड काढला आणि तिचा हात तिथेच अडला.

“चौथं?” विंदाने विचारलं.

“चौथं नाहीये.”

“नेहमी चार असतात.”

“आज तीन आहेत,” नेरेइदा म्हणाली, आणि ड पुढची जागा कोरी ठेवून तिने खडू खाली ठेवला. “मुलांनो, वह्या पालथ्या ठेवा. कुणीही वर करायची नाही.”

वह्या बाकांवर आपटल्या. तिने मोबाइल उचलला. पहिल्या रांगेवर नुसते चेहरे होते, दुसऱ्या रांगेवरही नुसते चेहरे. तिसऱ्या बाकाच्या रिकाम्या जागेवर नाव उमटलं.

विंदा तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली होती. “काय म्हणते?”

“अ.”

“पोचली!” विंदाने छातीवर क्रूस काढला. “बघा, मी म्हणत नव्हते?”

पण अक्षर बदललं. अ चा ब झाला. जरा वेळाने क. मग ड. मग पुन्हा अ. कसलीही घाई नव्हती. मधेच ते ब वर येऊन अडखळे, माघारी अ वर जाई आणि परत पुढे सरके. अक्षराबरोबर नावही बाकाच्या वर वीतभर उचललं जाई, खाली बसे, पुन्हा उचललं जाई. मिचेसमध्ये जन्मलेल्या माणसाला ही लय कुणी समजावून सांगावी लागत नाही. धक्क्याशी पाण्यात पडलेलं काहीही असंच फिरतं. बाजूच्या पहिल्या बाकावरून मान वळवून बघणाऱ्या एस्तार्लिनलाही पडदा दिसत होता. त्याचा बाप मासेमार होता. त्याने डोकं बाकावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

“हे असं काय होतंय?” विंदाने विचारलं.

नेरेइदाने मोबाइल जरा आपल्याकडे ओढला.

विंदा पडद्यावर आणखी वाकली. नाव वर जात होतं, खाली येत होतं, अक्षर फिरत होतं. आणि मग तिच्या तोंडावर हसू फुटलं. वीस दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं असं हसू.

“अहो, हात हलवतेय ती! वही धरून हात हलवतेय! एका जागी स्वस्थ बसेल तर शपथ, कार्टी. हो ना बाई? हात हलवतेय ना?”

“हो,” नेरेइदा म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण विंदाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

विंदाने ॲप्रनला हात पुसला, तो वर केला आणि रिकाम्या बाकाकडे बघून तीही हात हलवायला लागली. जेवणाची घंटा झाली, तरी एकही मूल उठलं नाही. नेरेइदाचे दंड भरून आले होते. विंदाचा हात खाली येईपर्यंत तिने मोबाइल तसाच धरून ठेवला.